आजारी कासवाच्या नोंदी: हर्णै, पावसाळा २०२५

२० जुलै

गोटीचे दोन्ही डोळे आज पूर्ण मिटलेले आहेत. पापण्या फुगून पांढरट झाल्यात आणि ती पुढच्या पायाने सारखी डोळा चोळते आहे. गेला आठवडाभर खाणं जवळजवळ बंदच होतं. सतत पाऊस आहे म्हणून सुस्तावली असेल, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. आज काट्यावर तिचा वेगळा डबा ठेवून वजन केलं: ४३१ ग्रॅम. एप्रिलची नोंद ४६८ ग्रॅमची आहे.

गोटी रेड इअर्ड स्लायडर जातीची, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली, गोड्या पाण्यातली. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. भाच्याने डोंबिवलीला जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं पिल्लू असताना घेतली होती. तो कॉलेजसाठी हॉस्टेलला गेला आणि गोटी आमच्याकडे हर्णैला आली. आता तिची पाठ १४ सेंटिमीटर आहे. या भागात अशी कासवं बऱ्याच घरांत आहेत, पण आजारी पडल्यावर विचारायला जवळपास कोणी नाही. म्हणून जे करते आहे ते तारखेसह लिहून ठेवते.

आज काय काय पाहिलं: नाक कोरडं, फुगे नाहीत. डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी, दोन्हीकडे सपाट आहे. तिथे फुगवटा असता तर कानात पू झाल्याचा संशय घ्यायचा. पाठीचं कवच कडक, अंगठ्याने दाबलं तरी लवत नाही. पोटाच्या कवचावर दोन खवल्यांच्या सांध्याजवळ खरवडल्यासारखी पांढुरकी जागा आहे, पण वास नाही. पाय ओढला तर जोराने आत घेते. पाण्यात सरळ तरंगते. तोंड उघडायचा प्रयत्न केला नाही. त्या झटापटीत जबड्याला इजा होते.

वजन पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. कासव दुखणं फार उशिरा दाखवतं. तोवर काटाच काय ते सांगतो.

२२ जुलै

आजारी कासवाला खोल पाण्यात ठेवायचं नाही. अंगात जोर नसला की ते नाक वर काढू शकत नाही आणि बुडतं. म्हणून वेगळा टब काढला. पाणी कवचाच्या वरच्या कडेपर्यंत, मान उचलली की नाक हवेत येईल एवढंच.

पाण्यात थर्मामीटर घातला तर साडेचोवीस अंश. आपल्याला दमट उकाडा वाटत असतो, त्यामुळे पाणी थंड आहे हे ध्यानातच येत नाही. कासवाचं अंग भोवतालच्या ऊबेवर चालतं. पाणी थंड असेल तर पचनही मंद आणि रोगाशी लढण्याची ताकदही मंद. आजारी असताना २८ अंशांच्या आसपास हवं, आणि अंग सुकवायला कोरडी जागा ३२-३३ अंशांची.

विहिरीचं पाणी सध्या थेट वापरत नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. आपल्या पिण्यासाठी ते बरोबरच आहे, पण सुजलेल्या डोळ्यांना क्लोरीन झोंबतं. बादल्या भरून एक दिवस उघड्या ठेवायच्या आणि मग वापरायच्या.

२३ जुलै

फिश टँकचा १०० वॅटचा हीटर मागवला होता, ६५० रुपयांचा. उथळ पाण्यात तो चालत नाही. काचेच्या नळीवर पाण्याची किमान रेघ असते आणि टबातलं पाणी तिच्या खालीच राहिलं. नळी अर्धी उघडी राहून तापली, गोटीने पाय मारल्यावर पाणी उडालं आणि काच तडकली. प्लग आधी काढला आणि मगच पाण्यात हात घातला. हा क्रम कायम पाळायचा.

२५ जुलै

नवा हीटर आला. या वेळी मांडणी बदलली. एक मोठा टब, त्यात भरपूर पाणी आणि हीटर. त्या पाण्यात गोटीचा लहान टब तरंगत ठेवला, कडेला दोन विटा लावून अडकवला. बाहेरचं पाणी ३० वर ठेवलं की आतलं २८ वर राहतं, आणि गोटीचा हीटरशी संबंधच येत नाही.

ऊब टिकावी म्हणून बंदरावरून मासळीची थर्माकोलची मोठी पेटी आणली. पेटीवाल्याने पैसे घेतले नाहीत. उकळत्या पाण्याने दोनदा धुतली, तरी सुरमईचा वास जायला ऊन लागलंच असतं. सुरुवातीला लहान टब ठेवण्याआधी गोटीला थोडा वेळ थेट पेटीत ठेवून पाहिलं. तिने नखांनी थर्माकोल खरवडला आणि दाणे पाण्यात तरंगू लागले. कासवाने ते गिळले तर आतड्यात अडकतात. त्यामुळे पेटी फक्त बाहेरून, दोन्ही टब तिच्या आत. रात्री विजेचा खर्च कमी झाला आणि तापमान एका अंशाच्या वर हललं नाही.

२६ जुलै

गावातल्या औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणले होते. घालण्याआधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवले ते बरं झालं. त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. जंतुसंसर्गाचा संशय असताना स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. माणसांच्या डोळ्यांच्या बऱ्याच औषधांत ही जोडी असते, तेव्हा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. थेंबांचे १४० रुपये गेले.

डॉक्टर आमच्याशी सरळ बोलले. "ताई, मी गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघतो. कासव कधी हाताळलेलं नाही. पण ज्यांना अनुभव आहे त्यांच्याकडून औषध आणि मात्रा लिहून आणा, इंजेक्शन मी देतो." हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं. तुमच्या तालुक्यात असा माणूस आहे का, हे कासव ठणठणीत असतानाच विचारून ठेवा.

२८ जुलै

दिव्याचं काम. पाण्यातल्या कासवाला उन्हातले अतिनील 'बी' किरण म्हणजे यूव्हीबी लागतात. त्यांच्याशिवाय शरीरात डी-३ जीवनसत्त्व बनत नाही, आणि डी-३ शिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. जूनपासून आमच्याकडे नीट ऊन पडलेलं नाही. त्याआधीही गोटीची टाकी खिडकीच्या काचेआड होती, आणि काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. म्हणजे तिला उजेड भरपूर मिळत होता, हवं ते ऊन मिळत नव्हतं.

ऑनलाइन ४८० रुपयांचा एक 'यूव्हीए-यूव्हीबी' बल्ब आला. खोक्यावर कासवाचं चित्र आहे, पण किती टक्के यूव्हीबी, किती अंतरावर लावायचा, किती महिन्यांनी बदलायचा, यातलं काहीच छापलेलं नाही. लावला आहे.

३१ जुलै

आज पाण्यात तिरकी झाली. डावी बाजू खाली, उजवी वर. सरळ व्हायचा प्रयत्न करते आणि पुन्हा कलते. नाकाशी बारीक फुगे, आणि मान लांब करून तोंड उघडून श्वास घेते.

यापैकी एकही खूण दिसली तर घरगुती उपाय थांबवा. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून फुप्फुसातली घाण बाहेर काढता येत नाही. ती आतच साठत जाते. पुण्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली.

२ ऑगस्ट

पहाटे चारला निघालो. वरंध घाट पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात, म्हणून मंडणगड, माणगाव, ताम्हिणी असे गेलो. गोटी झाकण भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, ओल्या टॉवेलवर, पाण्याशिवाय. गाडीच्या धक्क्यांत पाणी असलेल्या डब्यात अशक्त कासव बुडू शकतं. टॉवेलखाली कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरले होते, गाडीचा एसी बंदच ठेवला. जाताना-येताना डिझेलचे साडेतीन हजार.

डॉक्टरांनी आधी वजन घेतलं, ४१९ ग्रॅम, आणि मग एक्स-रे. डावं फुप्फुस धुरकट दिसत होतं: न्यूमोनिया. ज्या बाजूच्या फुप्फुसात हवा कमी ती बाजू पाण्यात खाली जाते, म्हणून तिरकं पोहणं. पोटात अंडी नाहीत हेही एक्स-रेतच कळलं. मादीला नराशिवायही अंडी होतात आणि ती अडकली तर मादी खाणं सोडते, त्यामुळे हे बघावंच लागतं.

मग त्यांनी खाण्याचं विचारलं. पहिल्यापासून डबाबंद सुकी कोळंबी, तीही एकाच प्रकारची. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं: सुक्या कोळंबीत ए जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांच्या, नाकाच्या, श्वासनलिकेच्या आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होतं. डोळ्यांभोवतीच्या ग्रंथी तुंबतात, पापण्या फुगतात. तेच श्वासमार्गात झालं की जंतूंना वाट मोकळी. डोळे आणि फुप्फुस ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. त्यात थंड पाणी आणि ऊन नाही, मग पावसाळ्यात ते दुखणं वर येतं.

बल्ब सोबत नेला होता. त्यांच्याकडे यूव्हीबी मोजायचं यंत्र आहे. बल्ब लावला, काटा शून्यावरून हलला नाही. तो नुसता गरम होणारा दिवा होता. त्यांनी चांगल्या प्रतीची लांब यूव्हीबी नळी सांगितली. ती २,२०० रुपयांची, त्याच दिवशी पुण्यातून घेतली असती तर बरं होतं, पण दुकानात संपली होती. कुरिअरने येईल.

औषध: सेफ्टाझिडीम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, दर ७२ तासांनी एक, एकूण सात. कासवाच्या शरीरात औषध हळूहळू बाहेर पडतं, म्हणून माणसांसारखं दिवसातून दोनदा द्यायचं नसतं. मात्रा वजनावरून काढलेली असते. ती इथे लिहीत नाही, कारण तुमच्या कासवाचं वजन आणि आजार वेगळा असेल. इंजेक्शन पुढच्या पायाच्या स्नायूत देतात. मागच्या पायांकडून येणारं रक्त मूत्रपिंडावरून जाऊ शकतं, म्हणून मागे देत नाहीत. पहिलं त्यांनीच दिलं. ए जीवनसत्त्वाचा अगदी लहान डोस एकदाच दिला आणि घरी पुन्हा द्यायचा नाही असं बजावलं.

तपासणी, एक्स-रे, औषधं मिळून २,४०० रुपये. घरी पोचायला रात्रीचे दहा.

५ ऑगस्ट

तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी वाचली, फोनवर बोलून घेतलं आणि दुसरं इंजेक्शन दिलं. उरलेल्या मात्रा बारीक सिरिंजमध्ये भरून, तारखा लिहून, बंद डब्यात आमच्या फ्रीजरमध्ये. पुढच्या वेळी एकच सिरिंज काढायची, हाताच्या ऊबेने वितळवायची आणि लगेच द्यायची. वितळलेली परत गोठवायची नाही.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी बंदरावर पूजा, दुपारी तिसरं इंजेक्शन. यूव्हीबी नळी आली आणि लगेच लावली. कोरड्या जागेपासून कंपनीने सांगितलेलं अंतर फूटपट्टीने मोजून घेतलं. मधे काच नाही, जाळी नाही. ऊबेसाठी शेजारी साधा हॅलोजन बल्ब. दिवसा दहा-बारा तास, रात्री अंधार.

११ ऑगस्ट

वजन ४१२. उजवा डोळा किंचित उघडतो. रोज सकाळी स्टेरॉइड नसलेले थेंब. ते घातल्यावर अर्धा तास कोरड्यात ठेवायचं, नाहीतर औषध धुऊन जातं.

खाणं नाही. पुढ्यात कोळंबी, गाजराचा कीस, कोंबडीच्या काळजाचा तुकडा, सगळं ठेवून पाहिलं. स्लायडर बघून शिकार करतं. दिसत नसेल तर भुकेलं असूनही तोंड उघडत नाही. गाजराच्या रसात बुडवून ठेवा असा सल्ला मिळाला. एक दिवस केला, पाणी आंबलं, फायदा शून्य. चोचीत जबरदस्तीने भरवायचं नाही असं पुण्याहून निक्षून सांगितलं आहे. अन्न श्वासनलिकेत गेलं तर असलेला न्यूमोनिया वाढेल.

१३ ऑगस्ट

शेजारच्या काकू मायेने येऊन म्हणाल्या, "अगं, अंगणवाडीत मुलांना ते ए जीवनसत्त्वाचं औषध पाजतात ना, तेच दे की दोन थेंब." घाईत कोणाच्याही मनात हे येईल, म्हणून मुद्दाम लिहिते. बाळाला नवव्या महिन्यात त्या औषधातून १ लाख युनिट देतात आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. चारशे ग्रॅमच्या कासवाला लागतात जेमतेम काही शे युनिट. ए जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलपटून निघते आणि उघड्या मांसात जंतू शिरतात. काकूंना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुढे सगळ्या आळीला सांगितलं.

पाठीला खोबरेल लावा असंही दोघातिघांनी सुचवलं. लावलं नाही. तेलाच्या थराखाली ओल आणि घाण अडकते, आणि पाणीही खराब होतं.

१६ ऑगस्ट

खाल्लं!

वजन ४१० पर्यंत उतरलं होतं. सकाळी परसात केळीच्या बुंध्याशी पालापाचोळा उचलला, तिथे गांडुळं होती. तिथे आम्ही कधी कीटकनाशक मारत नाही, म्हणूनच घेतली. एक धुऊन कोमट पाण्यात तिच्या नाकासमोर सोडलं. उजवा डोळा अर्धा उघडा होता. ते वळवळलं, तिने मान पुढे काढली आणि पकडलं. दुसरंही घेतलं. तिसऱ्याला नको म्हणाली, मग थांबले. इतक्या दिवसांच्या उपासानंतर थोडंच द्यायचं.

निपचित पडलेल्या खाण्याला ती हलली नाही, हलत्या खाण्याला हलली. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, पण गांडुळं हवी तितकी मिळतात.

१९ ऑगस्ट

काल दुपारपासून वीज नाही. मुसळधार पाऊस, वाऱ्याने कुठेतरी झाड तारांवर पडलं आहे. इन्व्हर्टरवर हीटर संध्याकाळपर्यंत चालला. त्यानंतर पाणी तापवायच्या बंबातलं गरम पाणी दोन लिटरच्या बाटल्यांत भरून बाहेरच्या टबात उभ्या केल्या आणि थर्माकोलच्या पेटीवर झाकण घातलं. झाकणाला हवेपुरती फट. दर दोन तासांनी बाटल्या बदलल्या. रात्री सगळ्यात कमी तापमान २६ अंश. ही पेटी नसती तर एवढं टिकलं नसतं.

फ्रीजर मात्र वितळला. उरलेली सिरिंज पाण्यासारखी झाली होती. टाकून दिली.

२० ऑगस्ट

शेवटचं इंजेक्शन आजचंच होतं. सकाळभर औषधाच्या दुकानांत फिरून नवी बाटली मिळवली, त्यातला एक बारीक डोस वापरला, बाकी वाया. पावसाळ्यात कोकणात फ्रीजरच्या भरवशावर राहायचं असेल तर एक न फोडलेली बाटली जास्तीची ठेवा. पावडर असेपर्यंत तिला वीज लागत नाही.

गोटी आता जवळजवळ सरळ तरंगते.

२३ ऑगस्ट

'कासववाल्या ताई' म्हणून फोन आला. किनाऱ्यावर जाळ्याच्या तुकड्यात अडकलेलं समुद्री कासव लागलं होतं, पुढचा एक पाय कापलेला. त्यांना म्हटलं, परत समुद्रात ढकलू नका, गोड्या पाण्यात घालू नका, सावलीत ठेवून ओलं फडकं टाका, नाकावर नको. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं, माणसं येऊन घेऊन गेली. वेळास-आंजर्ल्याला घरटी करतात ती ऑलिव्ह रिडले, आणि आपल्या शेततळ्यांत दिसणारी देशी कासवं, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ती घरी ठेवून उपचार करायचे नसतात. या नोंदी फक्त पाळीव स्लायडरसाठी आहेत.

२८ ऑगस्ट

काल गणपती आले. घर चाकरमान्यांनी भरलं आहे. गोटीची पेटी माडीवर हलवली आणि दाराला कडी.

मुलांना बघायचंच होतं, म्हणून एकेकाला नेलं, हात न लावता. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, कासव दिसायला निरोगी असलं तरी. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. लहान मुलं ती तोंडात घालत होती. आमच्याकडे नियम असा: टबातलं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही, माडाच्या आळ्यात ओतायचं. तिची भांडी, स्पंज, चिमटा वेगळा. हात साबणाने. पाच वर्षांखालच्या मुलांनी हात लावायचाच नाही.

४ सप्टेंबर

वजन ४२८. दोन्ही डोळे उघडे, स्वच्छ. आता खाणं बदलायचं काम, आणि हे औषधापेक्षा चिवट निघालं. चार वर्षं एकाच चवीवर वाढलेलं कासव भाजीकडे बघत नाही.

लाल भोपळ्याच्या फोडी ठेवल्या, तिने वास घेऊन सोडल्या. शेवग्याचा पाला पाण्यावर पसरला, त्याच्यावरून पोहत गेली. मग भोपळा वाफवून कुस्करला, त्यात गांडुळाचे तुकडे मिसळले आणि गोळी करून चिमट्याने हलवत धरली. ते चाललं. रोज गांडूळ थोडं कमी, भोपळा थोडा जास्त. शेवगा, गाजर, जास्वंदीची कोवळी पानं आलटून पालटून. अळू देऊ नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे तोंड खाजतं आणि कॅल्शियम अडकून राहतं. पालकही त्याच कारणाने क्वचितच. ताजी मासळी आठवड्यातून एकदा, काट्यासकट लहान मासा. आमच्याकडे मासळी मुबलक म्हणून रोज तीच घालायचा मोह होतो, पण काही माशांतल्या द्रव्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, तेव्हा नुसत्या मासळीवर ठेवायचं नाही. कोंबडीचं काळीज महिन्यातून एकदा, नखाएवढं. त्यात ए जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणूनच जास्त नको.

कॅल्शियमसाठी विकत काही आणलं नाही. किनाऱ्यावर म्हाकुलाचं पांढरं हाड लागतं, समुद्रफेन म्हणून वैद्य वापरतात तेच. गोड्या पाण्यात चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवलं, मीठ काढलं, वाळवलं, मागची कडक पाठ सुरीने काढली आणि मऊ भाग टाकीत सोडला. पहिल्या तीन दिवसांत तिने कडा कुरतडल्या.

१४ सप्टेंबर

पोटाच्या कवचावरची ती खरवडलेली जागा मऊ लागते आणि आता वास येतो. कवच कुजायची सुरुवात.

कारण शोधायला टाकी रिकामी केली. चढून बसायला जांभ्या दगडाचा चिरा ठेवलेला होता. आपल्याकडे हाताशी तोच असतो. पण जांभा खरबरीत. रोज चढताना-उतरताना पोट घासतं, चरे पडतात, आणि दगडाच्या भोकांत शेवाळ आणि घाण साठते. कितीही औषध लावलं तरी चिरा तिथे असेपर्यंत जखम बरी होणार नव्हती. चिरा काढला. जुनं मंगलोरी कौल दोन विटांवर उतरतं ठेवलं, एक टोक पाण्यात. नखांना पकड मिळते, पोटाला लागत नाही. खर्च काही नाही.

जखमेवर: मऊ ब्रशने घाण काढायची, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं, सुकल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम, आणि दिवसातले काही तास कोरडं ठेवायचं. खरवडून काढायचा मोह आवरा. खाली जिवंत हाड आहे.

२१ सप्टेंबर

वाडीतल्या एका आजोबांनी सुचवलं, "एवढा खटाटोप कशाला, देवळाच्या तळीत सोड. पूर्वी विहिरीतही कासव सोडायचे." त्यांचा हेतू चांगला होता. पण पूर्वी सोडायचे ती इथलीच कासवं. स्लायडर जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. खादाड, दीर्घायुषी, आणि देशी कासवांची ऊन खायची जागा, अन्न दोन्ही बळकावतं. त्यात आजारी असेल तर आपले जंतू तळीत सोडतं. ही कासवं वीस-तीस वर्षं सहज जगतात. घेताना कोणी हे सांगत नाही, म्हणून कंटाळून सोडून देणारे खूप. गोटी आमच्याकडेच राहील.

५ ऑक्टोबर

ऊन आलं. वजन ४५१.

सकाळी आठ ते नऊ अंगणात उथळ टब, अर्ध्यावर सुपारीच्या झावळीची सावली. ही सावली हवीच. ऑक्टोबरच्या उन्हात उथळ पाणी बघता बघता ३५ च्या पुढे जातं आणि कासवाला पळायला जागा नसते. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवू नका, ती भट्टी होते. वर जाळी, कारण कावळे आणि मुंगूस. मी तेवढा वेळ शेजारीच भात वाळवायच्या चटया झटकत बसते.

पोटावरची जागा कडक झाली, वास गेला. मलम बंद.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुण्याला फेरतपासणी झाली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं सारखी, वजन ४७३. आजवर वही जोडली तर खर्च साधारण १६ हजार, त्यातले निम्म्याहून जास्त दोन फेऱ्यांच्या प्रवासात आणि तपासणीत. तडकलेला हीटर, खोटा बल्ब, चुकीचे थेंब आणि वाया गेलेलं औषध मिळून दीड हजारांच्या आत. पण बल्बमुळे आठवडा गेला, आणि आजारात तो महाग पडला.

आता टाकी. जुनी काचेची ६० लिटरची आहे, १४ सेंटिमीटरच्या कासवाला किमान २०० लिटर लागतात. ३०० लिटरची पाण्याची जुनी टाकी वेल्डिंगवाल्याकडून आडवी कापून घेतली, कडा घासल्या, तळाला अर्ध्या इंची नळ बसवला. नळाचं तोंड आतून जाळीने झाकलं. पाइप थेट माडाच्या आळ्यात जातो. फिल्टर कासवाच्या टाकीला दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यायचा, कारण मासे एवढी घाण करत नाहीत. आमचा ६०० लिटरसाठीचा आहे. पहिल्या भरण्याला नळाच्या वायसरमधून गळती निघाली, सिलिकॉन लावून दोन दिवस सुकवत ठेवली आहे.

यूव्हीबी नळीच्या टोकाला मार्करने लिहिलंय: ८ ऑगस्ट. उजेड वर्षभर येत राहील, पण यूव्हीबी त्याआधीच उतरतं, म्हणून फेब्रुवारीत बदलायची. पुढची नळी मेमध्ये मागवून ठेवणार, म्हणजे जुलैत कुरिअर घाटात अडकलं तरी घरात एक असेल.